जिन्याखालचं मेंढरू

इरा,

मी संडे स्कूलसाठी पुढे गेले. इडल्या कुकरमध्ये आहेत, गरम आहेत तोवर खा. किल्ली वॉचमन अण्णांकडे दे.

गेल्या रविवारी हरवलेल्या मेंढराचा दाखला शिकवताना मी तुलाच मेंढरू करून चर्चच्या जिन्याखाली लपवलं. तेवढ्यात बज्जी आली, आणि शोधायचं सोडून मी बाकीच्यांना बज्जी वाटत बसले! सातवीच्या सगळ्या वर्गासमोर तू रडत बाहेर आलीस. तेव्हापासून माझ्याशी हो-नाही एवढंच बोलतेस. चूक माझीच, बाळा.

आज दहाला तोच खेळ पुन्हा आहे. या वेळी मेंढरू मी. बाकी कोणीही शोधलं तरी तू आल्याशिवाय मी बाहेर येणार नाही, मग पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली तरी!

आई