मागच्या आसाचे दात

अप्पा,

तुम्ही गेलात तेव्हा मैंदर्गीनं तुमची फार स्तुती केली. सोलापूरच्या रस्त्यावर असा मोटारवाला पुन्हा होणार नाही, असं लोक माझ्या तोंडावर म्हणाले, आणि मी मान डोलावली. इतक्या वर्षांनी ती खोटी मान अजून मला टोचते. म्हणून लिहितो.

गावच्या स्टँडवरून तेव्हा दोनच सर्व्हिस मोटारी सुटायच्या, एक तुमची आणि एक त्या दुधनीवाल्याची. जी आधी उसळून बाहेर पडेल ती वाटेवरची माणसं भरून घेणार. एवढ्यासाठी तुम्ही मोटारीचा मागचा आस उघडलात. आतल्या डिफरन्शियलमधली दातेरी चक्रांची जुनी जोडी काढून दुसरी घातलीत. मोठ्या चक्राला दात जास्त, त्याला फिरवणाऱ्या लहान चक्राला कमी. मोटार जागेवरून रेड्यासारखी उसळायला लागली. मी पुस्तकं वाचणारा. म्हणालो, "अप्पा, ओढ वाढली, पण पळ गेला. लांबवर ताणली तर इंजिन मरेल." तुम्ही ग्रीसचे हात धोतराला पुसलेत. "तुज्या पुस्तकात स्टँड असतंय व्हय रं? माणसं हितं भरत्यात, वळसंगच्या माळावर न्हाय!" सगळा स्टँड हसला. पुढं माळावर दुधनीवाला रोज तुम्हाला मागं टाकायचा. तुम्हाला त्याचं काही नव्हतं. सुटताना त्याच्या तोंडावर धूळ उडवली की तुमचा दिवस गोड.

मग ती दुपार. अव्वाच्या, माझ्या आईच्या, पोटात कळा येत होत्या. आत्ताच्या आत्ता सोलापूरच्या दवाखान्यात न्या, वैद्य म्हणाले. मी म्हणालो, दुधनीवाल्याची गाडी पळते, तिच्यातून नेऊ. तुम्ही उसळलात, "माजी मोटार दारात असताना बायकुला त्येच्या गाडीत घालू?"

सुटलो मात्र झोकात. शेजारणी बघत राहिल्या. अक्कलकोट मागं पडतं. अव्वाचं डोकं माझ्या मांडीवर आहे, तुम्ही पाय दाबून धरलाय, इंजिन किंचाळतंय आणि मोटार काही केल्या वेग घेत नाही. वळसंगच्या अलीकडं बॉनेटमधून वाफ आली, आत खडखड झाली आणि सगळं गप्प.

मागून दुधनीवाला आला. न सांगता त्यानं आपली माणसं उतरवून बाकडं मोकळं केलं. "अण्णा, वैनीस्नी हिकडं घ्या." तुम्ही बॉनेटमधून डोकंही वर काढलं नाहीत. "पाच मिनटात चालू हुतंय. तू जा." मोटार चालू झालीच नाही. दिवस मावळता एका बैलगाडीत, सोलापूरच्या वाटेवर, अव्वा गेली.

पुढं मी गावोगाव सभा गाजवल्या. सावकारांना, साहेबांना, मठाच्या गादीवरच्या स्वामींना भर सभेत सुनावलं, लाठ्या खाल्ल्या. हट्टाला इभ्रत म्हणणाऱ्या प्रत्येक माणसात मी तुम्हालाच झोडपत होतो. तुम्ही तिला मारलंत, अप्पा. हे वाक्य मी कुठल्याच व्यासपीठावर उच्चारलं नाही. इथं उच्चारतो, आणि मागं घेणार नाही.

पण त्या दुपारी, गाडी हाकण्याआधी, दुधनीवाला माझ्याकडं वळला होता. "तू तरी सांग की. शिकलेला हाईस, आय तुजी हाय." बावीस वर्षांचा होतो मी. अव्वानं डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं. मी तुमच्या पाठीकडं पाहिलं, आणि बोललो नाही.

हे पत्र पेटीत ठेवतो. तुम्हाला लिहायला शब्द कमी पडत नाहीत. अव्वाला लिहायला चारदा बसलो. "अव्वा" या शब्दापुढं कागद कोराच राहिला.