अण्णाच्या वाटचं पन्हं

१२ एप्रिल, रवि.
वहिनी सकाळच्या गाडीने चेन्नईला गेली. लेकीचे दिवस भरलेत. फलाटावर मला बाजूला घेऊन म्हणाली, "शांता, ह्यांना पाणी मोजूनच. गोड बोलून मागतील, ऐकू नको." अण्णाचं डायलिसिस मंगळ-शुक्र. आता सगळं माझ्यावर.
मे महिन्यातलं अग्निनक्षत्र अजून यायचंय, आणि आत्ताच ही धग.

१४, मं.
पुत्तांडू, तमिळ नवं वर्ष. डायलिसिस सकाळीच उरकलं. पापनाशमहून आत्येभावाने कैऱ्या पाठवल्या, पिशवीभर. अण्णा म्हणाला, "पन्हं करू. मला नको गं, तुझ्यासाठी." दरवर्षी तोच करतो. उकडल्या, साली काढल्या, गर हाताने कुस्करला. गूळ, वेलची. मीठ मला घालायला सांगितलं. बोटावरचा थेंब जिभेला लावला, चूळ भरून थुंकला. "गूळ कमी आहे, शांते."
कमीच होता.

१५, बुध.
ऑफिसातून आले, अंग भाजलेलं. फ्रिजचं दार उघडून त्याच्या आड उभ्या उभ्याच दोन टंबलर प्यायले. बर्फ वाजला. हॉलमधून अण्णा, "छान झालंय ना?"
"पाणी प्यायले रे."
का खोटं बोलले? त्याने विचारलं होतं इतकंच.

१६, गुरु.
आज दिलं. त्याने मागितलं नव्हतं. मीच टंबलर भरून समोर धरला. दोन्ही हातांत धरून बराच वेळ पीत होता. डोळे मिटलेले.
संध्याकाळी परत दिलं. तेव्हा मागितलं होतं, पण नजरेनेच.
त्याची तहान बघवेना म्हणून दिलं, असं मघाशी लिहिलं होतं. खोडलं. कालचं माझं खोटं मला टोचत होतं, म्हणून दिलं.

१७, शुक्र.
सकाळी जिना उतरताना अण्णाला धाप. पाय सुजलेले. ऑटोत बोलेना. दवाखान्यात वजन केलं तर वाढलेलं. नर्स माझ्याकडे वळली, "अम्मा, काय प्यायला दिलं?"
मी तोंड उघडायच्या आत अण्णा, "ती ऑफिसला गेल्यावर मीच चोरून प्यालो."
मग नर्स, मग डॉक्टर. लहान पोराला रागवावं तसे रागावले त्याला. तो मान खाली घालून बसला. मी पिशवी धरून उभी. एक शब्द नाही बोलले. एक.

१८, शनि.
श्वास बरा आहे. राहिलेलं पन्हं मोरीत ओतलं.
वहिनीचा फोन, मुलगी झाली, दोघी सुखरूप. अण्णाने तिलाही तेच सांगितलं, चोरून प्यालो म्हणून. ती रडली. मग मला म्हणाली, "तू आहेस म्हणून मी इथे राहू शकते गं."
मी "बरं" म्हटलं.

१९, रवि.
राहवेना. अण्णाजवळ जाऊन बसले. "वहिनीला खरं सांगते आज."
"ती लेकीला टाकून उद्याच येईल."
"येऊ दे."
अण्णा हळूच, "सांगितलंस तर मला परत कोण देणार?"
थट्टा होती का, कळलं नाही. हसला नाही तो.
अजून फोन केलेला नाही.