आबांच्या ट्रॅक्टरचं नवं इंजिन

१४ जानेवारी १९९२
संक्रांत. खतवाल्याने फुकट दिलेली डायरी आजपासून सुरू. कोण आपलं, कोण परकं, हे तारीखवार लिहिलेलं बरं. पहिली नोंद: गिरधरने नवा ट्रॅक्टर घेतला. सख्खा चुलतभाऊ, भिंतीला भिंत, आणि मला खबर नाही. दारात हार घातला तेव्हा कळलं. वर म्हणतो, "भाऊ, एक चक्कर मारून पाह्य." मारली. स्टेअरिंग एका बोटाने फिरतं. पेढा खाल्ला नाही. एकच खाल्ला.

१५ जानेवारी
झोप नाही. कारण अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. अखाजीला जीवराम भगत बारागाड्या ओढतो. एकामागे एक बांधलेल्या, माणसांनी भरलेल्या बारा बैलगाड्या, एकटा, मरीमायच्या देवळापर्यंत. त्याआधी भगताला घरून मैदानावर आणायचा मान आमच्या आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, ट्रॅक्टरचा, कारण गावात पहिला ट्रॅक्टर आबांनी आणला. आता शेजारी नवाकोरा उभा असताना पंचमंडळी कुणाकडे बघतील?
संकल्प: आबांचाच ट्रॅक्टर नवा करायचा. नव्या मॉडेलचं इंजिन, पॉवर स्टेअरिंग, मोठे दिवे. अखाजीला गावाचे डोळे दिपले पाहिजेत. गिरधरला एक अक्षर सांगायचं नाही.

१६ जानेवारी
गिरधरला सांगितलं. तो म्हणाला, "चालू गाडीले कायले हात लावतो भाऊ?" जळतो.

२ फेब्रुवारी
सोनगीर. हायवेवर उलटलेला नव्या मॉडेलचा ट्रॅक्टर मोतीलाल भंगारवाल्याकडे मिळाला. मोतीलाल अत्यंत सज्जन. "भाऊ, बठ्ठं नवंच शे," म्हणाला, म्हणजे सगळं नवंच आहे. आमच्या ट्रॅक्टरला बसेल का, विचारलं. म्हणाला, "ते बसाडनारावर शे." बसवणाऱ्यावर, म्हणजे माझ्यावर! इतका विश्वास घरातही कुणी दाखवला नाही. सगळं घेतलं. हॉर्नसुद्धा.

९ फेब्रुवारी
रावेरहून भिकन मिस्त्री आला. जुनं इंजिन काढलं. एक गोष्ट मला कुणीच आधी सांगितली नव्हती. या ट्रॅक्टरला खाली सांगाडा नसतो, इंजिन हाच कणा. ते काढलं की ट्रॅक्टरचे दोन तुकडे होतात. झाले. पुढची चाकं निंबाखाली, मागची गोठ्यापाशी. मधल्या जागेत बायकोने, लताने, पापड वाळत घातले.
भिकनने नव्या इंजिनाला टेप लावली. पुन्हा लावली. चहा मागितला. चहा पिऊन गेला तो गेला. पाना इथेच विसरलाय, म्हणजे येईल.
आबा काठी टेकत आले. बराच वेळ पाहिलं. एवढंच विचारलं, "बंद पडलं होतं कारे?" मी म्हटलं, आबा, जमाना बदलला.

१२ फेब्रुवारी
भिकनने पाना न्यायला माणूस पाठवला. विश्वासघात क्रमांक दोन.

२० फेब्रुवारी
नवं इंजिन चार बोटं लांब भरतं. भोकाला भोक जुळत नाही. दोष जुन्या ट्रॅक्टरचा. काळाबरोबर वाढला नाही.
जुनं इंजिन अंगणात अडचण करतंय. आबा त्याच्याशेजारी खाट टाकून बसतात, बरं दिसत नाही. लताला म्हटलं, भंगारात घाल. लता 'बरं' म्हणाली. लग्नापासून पहिल्यांदा वाद न घालता! घरावर वचक बसला.

६ मार्च
माझ्या वावरातली केळी गिरधरच्या ट्रॅक्टरवर रावेरला गेली. लताने परस्पर ठरवलं. मी गोठ्यामागे होतो. माझ्या दारावरून जाताना त्याने मुद्दाम हॉर्न वाजवला. लता म्हणते, रस्त्यात कोंबड्या होत्या. हिला कोंबड्या दिसतात, नवऱ्याचं काळीज दिसत नाही.

२ एप्रिल
ऊन मरणाचं. लाइट दिवसा नाहीच, रात्रीही भरवशाची नाही, विहिरींवरचे पंप बंद. गावाच्या केळींनी माना टाकल्या. आपली मात्र हिरवीगार. नजर लागेल अशी. मालकाची देखरेख असली की असं होतं, जरी मी महिनाभर वावरात गेलेलो नाही.
आबा सकाळीच वावरात जातात, दिवेलागणीला येतात. हात काळे, चेहरा खूश. म्हातारपणी पोरकट झाले. वाऱ्याबरोबर कुठूनतरी धडधड ऐकू येते. ओळखीची वाटते. गिरधरनेच काहीतरी नवं आणलं असणार.

१९ एप्रिल
मिस्त्री गेला खड्ड्यात. वेल्डिंगवाला आणून लोखंडी पट्ट्या मारल्या आणि दोन्ही तुकडे जोडले. इंजिन आत बसलं, पॉवर स्टेअरिंगही बसलं. बॉनेट लागत नाही, म्हणून लावलं नाही. स्टार्टर मारला. इंजिन खोकलं. पुन्हा मारला. खोकलंही नाही. पण लाल रंग दिल्यावर रस्त्यावरून पाहिलं तर कुणीही नवा म्हणेल. पुष्कळ वेळ रस्त्यावरच उभा राहिलो.

२८ एप्रिल
आज धडधडीचा माग काढत गेलो. गिरधरला जाब विचारायचाच होता. आवाज आमच्याच विहिरीवर निघाला.
आबांचं इंजिन. पक्क्या ओट्यावर बसवलेलं, पट्टा पंपाला, पाट तुडुंब. शेजारी आबा धोतराच्या सोग्याने ते पुसत होते. सगळं कळलं. गिरधरने ते ट्रॉलीतून आणलं, भिकनने बसवलं, लता रोज भाकरी पोचवते. तोच भिकन, चहा पिऊन पळालेला! सगळ्यांनी मिळून केसाने गळा कापला. आबांना विचारलं, मला का नाही सांगितलं? म्हणाले, "तू भंगार म्हने, आम्ही उचललं."
मला रडू आलं. पाट जवळच होता, तोंड धुऊन घेतलं. पाणी गार होतं.

४ मे
पंचांचा निरोप: भगताला उद्या गिरधर आणणार. मी म्हटलं, आणू दे. जेवलो नाही. आबाही जेवले नाहीत. त्यांना मी काही विचारलं नाही.

५ मे, अखाजी
गिरधरच्या ट्रॅक्टरकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, त्यामुळे पाहिलं नाही. दोन्ही बाजूंनी केळीचे खांब, झेंडूच्या पाच माळा, दिव्यांना कुंकू, आरशाला लिंबू.
मग मैदानावर गलका झाला. गाड्या अकराच! ट्रॅक्टर आल्यापासून लोकांनी बैलगाड्या मोडल्या, बारावी मिळेना. जीवराम भगत हळदीने माखलेला तसाच आमच्या दारात आला. "चुडामन, तुह्या ट्रॅक्टरले चाकं हायेत ना?" मी म्हटलं, भगत, इंजिन चालत नाही. तो म्हणाला, "इंजिनचं काय काम भो? वढनारा त मी हाये."
पोरांनी ट्रॅक्टर ढकलत नेला, शेवटी बांधला. आबा सीटवर, मी मडगार्डवर. भगताने आरोळी ठोकली, दोर ताणला आणि ट्रॅक्टर चालला. पहिल्या झटक्यात. धूर नाही, आवाज नाही. गाव ओरडत होतं. मी हात हलवला.
आबांनी दोन्ही हातांनी स्टेअरिंग आवळून धरलं होतं. इंजिन बंद असलं की पॉवर स्टेअरिंग दगड होतं. घामाघूम. म्हणाले, "लय जड केलं रे हे."

५ मे, संध्याकाळ
अकरा गाड्यांना बैल जुंपले, गाड्या घरी गेल्या. आमचा ट्रॅक्टर देवळासमोर. घरापर्यंत ओढशील का, विचारायला भगताकडे गेलो. भगत बाजेवर पडून लिंबूपाणी पीत होता. म्हणाला, "आता पुढच्या अखाजीले."
परत आलो तर गिरधर आपला ट्रॅक्टर पुढे लावून आमच्या ट्रॅक्टरला साखळी बांधत होता. त्याने आपल्या ट्रॅक्टरच्या माळा आधीच काढून ठेवल्या होत्या. माझ्याकडे पाहिलं नाही, हॉर्न वाजवला नाही. आबा पुन्हा सीटवर चढले. मी मडगार्डवर.
वेशीपाशी आबांनी मागे न वळता विचारलं, "बंद पडलं होतं कारे?"
म्हटलं, नाही आबा. कधीच नाही.