चौकीतली सायकल

२ जून

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पोलीस चौकीचा चार्ज घेतला. तुझ्या ढब्बूला आता सगळे मॅडम म्हणतात! खोल्या दोन, पंखा एक, मागे भलंमोठं अंगण. नाहीत ती फक्त माणसं. बायका तर चौकीची पाटी दिसली की रस्ता ओलांडून पलीकडून जातात.

साहेब म्हणाले, बायका येत नसतील तर वर्षअखेरीस चौकी बंद. मग कारखान्यातल्या मुलींनी काही झालं तर थेट पुलापलीकडच्या ठाण्यात जायचं. कोण जाणार गं?

म्हणून काल वस्तीच्या सभेत मी जाहीर करून टाकलं की दर रविवारी अंगणात बायकांना सायकल शिकवीन. टाळ्या पडल्या. घरी आल्यावर आठवलं, मला सायकल येत नाही. हसू नकोस, उपाय सांग.

तुझी,
ढब्बू

९ जून

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद.

उचलली जीभ, लावली टाळ्याला! हसून हसून माझ्या पोटात दुखलं. लहानपणी सायकलसकट गटारात गेलीस, तेव्हापासून नुसती घंटी वाजली तरी भिंतीला चिकटायचीस.

आता सरळ खरं सांग आणि त्यांनाच शिकवायला लाव. त्या तुला घाबरतात ना? मग पड त्यांच्यासमोर. गुडघ्यांसाठी मलम पाठवलंय.

पोलिसात गेलीस म्हणून मी अबोला धरला होता, तो राग अजून गेलेला नाही. पण पडलीस की कळव.

तुझी आत्या

१८ सप्टेंबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पडले! मनसोक्त पडले. मॅडम आपटतात ही बातमी वस्तीभर झाली आणि अंगण भरलं. शिवणकाम करणारी एक बाई मागून सीट धरते आणि पुढे बघा म्हणून खेकसते. माझ्यावर असं कुणी साहेबसुद्धा खेकसलेले नाहीत.

एका रविवारी मात्र तिचा आवाज खाली आला. कारखान्याचा ठेकेदार कामाची पाळी सुटल्यावर तिच्या मुलीला अडवून ठेवतो, अंगाला हात लावतो, हे तिने मागूनच सांगितलं. समोर बसवून विचारलं असतं तर मेली तरी बोलली नसती. मी वळले नाही, थांबले नाही, गोल गोल फिरत ऐकत राहिले. मग मुलीने स्वतः तक्रार दिली, तिच्या मैत्रिणीही पुढे आल्या. ठेकेदार आत आहे.

आता गुपित. मला सायकल कधीच यायला लागली आहे. पण ते सांगितलं तर सीट कोण धरणार, आणि बोलणार कोण? म्हणून मुद्दाम डुगडुगते. येत्या रविवारी साहेब पाहणीला येताहेत. धाकधूक आहे.

तुझी लबाड,
ढब्बू

२५ सप्टेंबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

फजिती झाली! साहेबांसमोर छान डुगडुगत होते, तेवढ्यात कुत्रं आडवं आलं आणि मी एका हाताने झोकात वळण घेतलं. सगळ्या बायकांनी पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तर ती शिवणवाली हळूच म्हणाली, की दर वेळी त्याच कोपऱ्यावर डुगडुगणारं माणूस तिने पहिल्यांदाच पाहिलं. सगळ्यांना केव्हाच कळलं होतं गं! कुणी बोलायचं नाही असं त्यांनीच आपसांत ठरवलं होतं. मग ती साहेबांना ठणकावून म्हणाली, मॅडम अजून कच्च्या आहेत, आणखी पुष्कळ वर्षं शिकवावं लागेल. साहेब खो खो हसले. चौकी राहिली, आत्या!

आता तू ये. मनात जे काही असेल ते सीट धरून मागून बोल. मी वळून बघणार नाही.

वाट पाहणारी,
ढब्बू

१ ऑक्टोबर

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद.

शनिवारी येते. सीटबिट मी धरणार नाही, माझी कंबर धरते. मला घ्यायला सायकल आण, मी मागे कॅरियरवर बसेन. घरी सरळ रस्त्याने न्यायचं नाही, सगळ्या वस्तीतून फिरवायचं. दारात जो दिसेल त्याला मला सांगायचंय, की ही चालवतेय ना, ती माझी भाची.

हळू चालव. राग असला तरी माया आहेच, ती काही या वयात कमी होत नाही.

तुझी आत्या