मोकळ्या दारातला जोर

साखरखेर्डा,
मंगळवार

प्रिय वाहेदभाई,

सलाम. मराठीत लिहिते आहे, कारण अब्बांना फक्त उर्दू वाचता येतं. तुझी तब्येत विचारत नाही. तुझं पत्र आल्यापासून माझं डोकं नुसतं तापलंय. ‘तुझ्यावर जबरदस्ती केली कोणी? अब्बांनी विचारलं तेव्हा तू गप्पच होतीस ना?’ असं बिनदिक्कत लिहितोस! नागपूरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकणाऱ्या माणसानं हे लिहावं, याचीच मला जास्त चीड येते.

गेल्या थंडीत सुटीवर आलास, तेव्हा लाखेची कांडी घोंगडीवर घासून तू तिच्याजवळ अब्बांच्या दुकानातला कापसाचा पुंजका रेशमाच्या धाग्यानं टांगलास. पुंजका कांडीला जाऊन चिकटला आणि लगेच लांब पळाला. मी विचारलं, शिवत तर कोणीच नाही, मग ढकलतंय कोण? तू म्हणालास, कांडीभोवतीच्या जागेत विद्युत क्षेत्र आहे. मला वाटलं, अत्तराच्या वासासारखं काही पसरत असेल. त्यावर तू माझी दोन दिवस टर उडवलीस. मग नीट सांगितलंस, की क्षेत्र म्हणजे वस्तू नव्हे. भारित पुंजका तिथे आणला तर त्याच्यावर किती जोर येईल आणि कोणत्या दिशेनं, हे त्या जागेचं आधीच ठरलेलं असतं. पुंजका काढून घेतला, जागा मोकळी दिसली, तरी कांडी आहे तोवर क्षेत्र आहेच. नंतर कंदिलाची काच रेशमावर घासून दुसरा पुंजका तिला लावलास आणि त्याच जागी आणलास, तर तो उलट कांडीकडे धावला. जागा तीच, क्षेत्र तेच, भार तेवढा वेगळा. मी टाळ्या वाजवल्या होत्या. इतकी खूश मी त्या वर्षात झाले नव्हते.

आता आपल्या घराचं दार आठव. सताड उघडं असतं. अब्बा पुढे दुकानात बसलेले. ते ओरडत नाहीत, हात तर त्यांनी कधीच उगारला नाही. तू त्या दारात आलास की बाहेर ओढला जातोस. मेहकर झालं, नागपूर झालं, ‘जा बेटा, जपून जा’ झालं. मी त्याच उंबऱ्यावर पाऊल ठेवलं की अब्बा खाकरतात, अम्मीचा हात कामात थांबतो आणि मी मागे येते. मला कोणी बोटसुद्धा लावत नाही. आणि तू लांबून म्हणतोस, दार तर मोकळं आहे, हिला अडवतंय कोण! अरे, निदान स्वतः शिकवलेलं तरी लक्षात ठेव.

अमरावतीला शिकून मास्तरीण व्हायचं माझ्या मनात आहे, हे घरात फक्त तुला सांगितलं होतं. तरी सोनाळ्याच्या फकीर मोहम्मदचं स्थळ तूच सुचवलंस. माणूस चांगला असेल, मला काय त्याचं? मला आत्ता लग्नच नको. अब्बांनी विचारलं तेव्हा घर बायकांनी भरलं होतं, त्यांच्यासमोर मला ‘नको’ म्हणता आलं नाही. शेजारची गोजरबाई म्हणाली, “पोरगी लाजून राह्यली. तिले काऊन सतावता? हाव समजा!” सगळ्या हसल्या, खजूर वाटले, झालं ठरलं. मी लाजत नव्हते, वाहेदभाई. मी रडू दाबत होते.

पुढच्या जुम्म्याला निकाह आहे आणि माझा वकील म्हणून, म्हणजे माझा जबाब काझीसाहेबांपर्यंत नेणारा म्हणून, तू उभा राहणार आहेस, म्हणून हे पत्र. दोन गवाह घेऊन तू पडद्याशी येशील, ‘निकाह कबूल आहे का’ असं तीनदा विचारशील. आपल्याकडे मुलगी गप्प राहिली तरी आतल्या बायकाच ‘हो म्हणाली’ सांगून मोकळ्या होतात. मला विचारलं जावं हा हक्क दीननं, आपल्या धर्मानंच, दिलाय, तोंड बांधलं ते घरानं. तर आत्ताच सांगून ठेवते, तिन्ही वेळा मी ‘नाही’ म्हणणार आहे, गवाहांना नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. बाहेर जाऊन काझीसाहेबांना तोच शब्द सांग. तेवढी हिंमत नसेल तर तू येऊ नकोस, पडद्याशी दुसऱ्या कोणाला पाठव. मी त्यालाही नाहीच म्हणेन.

तुझीच बहीण,
खैरुन्निसा