कसावाला लागलेली चव

४ मार्च
पोचलो एकदाचे! होडीतून उतरताच माझी चार वर्षांची नायारा आजीच्या कडेवर चढली आणि आईला विसरली, लबाड. रियो नेग्रो नदीकाठचं माझ्या नवऱ्याचं, अदाउतोचं हे गाव मला तर माहेरासारखं वाटतंय. सासूबाई म्हणाल्या, मानाउस शहरातल्या प्रयोगशाळेत बाटल्या धुतल्यास, आता कुदळ धरून दाखव. कडू कसावाच्या, विष पिळून काढल्याशिवाय खाता न येणाऱ्या त्या कंदाच्या, मळ्याचा एक तुकडा त्यांनी माझ्या हवाली केला.

१९ मार्च
सणाची काशिरी, म्हणजे कसावाची दारू, घातली. बायका शिजवलेला कसावा चावून भांड्यात थुंकतात, थुंकीने तो गोड होऊन आंबतो. हसून हसून जबडा दुखला. चावलेला चोथा नदीत सोडायची रीत. मी म्हटलं, इतकं खत वाया का घालवायचं? झाडांच्या बुंध्यांशी ओतला. सासूबाई कपाळाला हात लावून बसल्या.

११ मे
मळा नुसता माजलाय! शेजारणी लावायला काड्या मागतात, आणि इथे काड्यांना नाही म्हणत नाहीत. खालच्या गावची रोझिल्दाही भारा घेऊन गेली. नायाराने विचारलं, झाड विष ठेवतं कुठे? सांगितलं, एका खणात साखरेला बांधून, आणि सोडवणारं एंझाइम शेजारच्या खणात. कुणी चावलं की मधली भिंत फुटते. विष घडवतातही एंझाइमच, एकाने अर्धं करून पुढच्याच्या हाती द्यायचं. अळीची लाळ ओळखली की काम दुप्पट. अळीची, असं मी म्हणाले.

१४ जानेवारी
कसावा नेहमीसारखा किसला, पिळला, रस उकळला. तरी कोंबड्या मेल्या. पुन्हा उकळला. अदाउतोचे पाय लुळे पडले. सासूबाई म्हणतात, झाडाला आपली लाळ लागली, आता आपणच त्याची अळी. मला हसू आलं नाही. भीती वाटते. खायला दुसरं आहे काय?

२ फेब्रुवारी
सासूबाई गेल्या. सकाळी कसावाची भाकरी खाल्ली आणि—
अदाउतो म्हणाला, माझं बघू नकोस, पोरीला ने. रडत होता. होडीत केळी, मासे. कसावाचा कणही नाही. नायाराला काही होऊ देणार नाही.

५ फेब्रुवारी
केळी, मासे, सगळं संपलं. पोर भुकेने कळवळतेय. पुढच्या वळणावर रोझिल्दाचं गाव.

५, दुपार
मी होडी बांधत होते. रोझिल्दाने पोरीला उचललं. किती वाळलीय गं, म्हणाली, आणि भाकरी दिली. तुझ्याच काड्यांची, पहिलीच काढणी, म्हणे. हसत होती. मी धावले— अर्धी संपलेली.

बोटं घातली घशात. थोडंसंच—

तोंडाला कडू बदामाचा वास, त्याच विषाचा. रोझिल्दा म्हणते, दमलीय, झोपू दे. झोपू कशी देऊ? मांडीवर आहे. हाक मारते, लिहिते, हाक मारते. श्वास आहे. आत्ता आला. पुढचा—