पडवीत बसण्याची मुभा

मी, गौराबाई धाकलू मिणमिणे, वय अदमासे अठ्ठ्याहत्तर, धंदा शेती, राहणार पोशीर, तालुका कर्जत, जिल्हा रायगड, माझ्यामागे काय व्हावे ते आज सांगून ठेवते. डोकं जागेवर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असं वकीलबाई उज्वला सांगतात. मला अक्षर येत नाही. मी बोलते, त्या लिहितात. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणणारी एकच होती, माझी सासू, ती कधीच वारली. खालील मिळकत माझ्या एकटीच्या नावावर आहे.

१. भाताचं शेत माझा मुलगा काळूराम याला द्यावं. बांध सरळ ठेवावा. शेजाऱ्याचा बांध दरसाल आमच्याकडे सरकतो, माणूस मात्र मान खाली घालून जातो. भांडू नये, पण जाता-येता त्याला बांधाची तब्येत विचारावी.

२. तांब्याचा हंडा माझी जाऊ कोंडी हिला. तो आपल्या माहेरचा, असं ती लग्नापासून सांगते. तो माझ्या माहेरचा आहे. तरी द्यावा. मी गेल्यावर तिला भांडायला कोण उरणार?

३. राहतं घर पडवीसह नात हर्षला हिला. ती बातमीदार आहे. धर्माच्या नावानं कोणी गावाला धाक घालू लागलं की जी साधी माणसं आवाज न चढवता नाही म्हणतात, त्यांना ती कर्जत-खालापुरात स्कूटरवरून शोधत फिरते आणि त्यांच्याबद्दल लिहिते. अशी माणसं घरात सापडतील असं तिला वाटलं नव्हतं. घरातल्या बाईकडे बातमीदाराचं लक्ष शेवटी जातं.

४. घर देते ते एका अटीवर. नेरळचे मुनाफ मण्यार, आणि त्यांच्यामागे त्यांचा धंदा जो चालवेल तो, यांना गौरीआधी व लग्नसराईत माझ्या पडवीत बसून बायांना बांगड्या भरण्याची कायम मुभा राहील. भाडं घेऊ नये. चहा द्यावा, साखर कमी, त्यांना डायबिटीस आहे.

याचं कारण लिहून घ्या म्हटलं, तर वकीलबाई म्हणाल्या कारण लागत नाही. मला लागतं.

माझे यजमान गेले तेव्हा आळीतल्या बायांनी माझ्या बांगड्या वाढवल्या. बांगडी फुटली, मोडली असं आम्ही बोलत नाही, वाढवली म्हणतो. पुढल्या गौरीला मी पडवीच्या कोपऱ्यात हात पदराखाली घेऊन बसले होते. मुनाफनं सगळ्यांना भरल्या आणि मग म्हणाला, "मावशी, हात दे." मी म्हटलं, मला चालत नाय. तो म्हणाला, "काचेला कुठं माहीत हाय?" हातात दोन भरल्या. पुढल्या वर्षी आळीतली दुसरी विधवा आपणहून हात पुढं करून बसली.

दोन वर्षांमागे गावाच्या तोंडाशी पोरांनी पत्र्याचा बोर्ड ठोकला. दुसऱ्या धर्माच्या फेरीवाल्यांना गावात बंदी. ठोकणाऱ्यात माझा नातू अक्षय पुढं होता, हर्षलाचा सख्खा भाऊ. पोरं जेवायला गेली तेव्हा मी आणि शेजारीण गंगाबाईनं बोर्ड उपटला आणि माझ्या कोंबड्यांच्या खुराड्यावर घातला. पत्रा जाड होता, पोरांनी पैसे बरे घातले होते. अक्षयनं येऊन विचारलं, "आजी, बोर्ड कोणी मोडला?" मी म्हटलं, "मोडला नाय रं, वाढवला."

हर्षलाला हे फार आवडलं. तिनं बातमीत माझा शब्द जसाच्या तसा लिहिला. मुंबईच्या ऑफिसात बसलेल्या कोणा साहेबानं तो सुधारला. सकाळी छापून आलं: पोशीरच्या महिलांनी बंदीचा फलक आणखी मोठा केला. पोरांनी ती बातमी मोबाईलवर गावोगाव पाठवली. त्या गौरीला मुनाफ आला नाही. का यावं?

हर्षला नोकरी सोडायला निघाली. मी म्हटलं, रडायचं मग, आधी साहेबाला फोन लाव. मीच त्यांना विचारलं, तुमच्या आईची बांगडी फुटायची की वाढायची? साहेब म्हणाले, चूक झाली, आजी. दुसऱ्या दिवशी पेपरात दुरुस्ती आली आणि बोर्डाचा फोटो, खाली माझ्या कोंबड्या. त्यानंतर हर्षलाच्या स्कूटरचे टायर कोणीतरी दोनदा फाडले. तरी ती नेरळला जाऊन मुनाफला मागं बसवून घेऊन आली. ही नोकरी तिनं सोडू नये. म्हातारीचा शब्द लिहिताना अर्थही लिहावा.

५. नातू अक्षय याला काही ठेवलेलं नाही. हे रागानं नाही. ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये असं वकीलबाई सांगतात, आणि मला तो साक्षीदार पाहिजे. मी नसताना मुनाफला पडवीतून उठवायला कोणी आलं, तर त्यात याचेच दोस्त असतील. तेव्हा कोर्टात हर्षलाचं बोलणं घर मिळालेलीचं, मतलबाचं ठरेल. याची सही याचीच राहील.

मला वाचता येत नाही, म्हणून हे सगळं त्यानंच मला मोठ्यानं वाचून दाखवावं. जबरदस्ती नाही. त्यानं सही केली नाही तर दुसरा साक्षीदार शोधू नये, हे मृत्युपत्र झालंच नाही असं धरावं. वकीलबाईंना हे मान्य नाही. त्यांनी नापसंती खाली लिहावी, जागा आहे.

ठिकाण: कर्जत
तारीख: ११ मार्च २०२५

गौराबाई धाकलू मिणमिणे
(डाव्या हाताचा अंगठा)

लेखन: अॅड. उज्वला. कलम पाचमधील शेवटची अट पक्षकाराच्या हिताची नाही, असा सल्ला दिला होता. पक्षकार हसल्या.

साक्षीदार १: गंगाबाई, राहणार पोशीर. (सही)

साक्षीदार २: मजकूर मी आजीला वाचून दाखवला. चौथ्या कलमात माझं नाव आलं तिथं मी थांबलो. वाच असा आग्रह आजीनं केला नाही. पुढचं मी वाचलं.
अक्षय काळूराम मिणमिणे (सही)